मातीचा पेला आणि धावफलक

एकोणिसाव्या शतकाचे शेवटचे दशक. पुण्यातल्या हिंदूंच्या क्रिकेट संघात बाळू पालवणकर नावाचे डावखुरे फिरकी गोलंदाज खेळू लागले होते. बाळू चर्मकार समाजाचे, संघातले इतर खेळाडू उच्चवर्णीय. मैदानात बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक हातात घेई, क्षेत्ररक्षक झेलत आणि तोच चेंडू पुन्हा बाळूंच्या हातात येई. तेवढ्यापुरती स्पर्शाची अडचण कुणाला वाटत नव्हती. चहाची वेळ झाली की चित्र बदले. इतर खेळाडू पॅव्हिलियनमध्ये बसून चिनी मातीच्या कपातून चहा घेत. बाळूंना चहा बाहेर मिळे, तोही वापरून फेकून द्यायच्या मातीच्या पेल्यातून. जेवणाचे ताटही वेगळे.

अशा सामन्याच्या धावफलकात बाळूंच्या नावापुढे बळींचा आकडा दिसतो, पेला दिसत नाही. अस्पृश्यतेवरच्या एखाद्या ग्रंथात असे पेले पुष्कळ दिसतील, पण तिथे बळींचा आकडा नसतो. खेळाचा गंभीर अभ्यास म्हणजे काय, असे कुणी विचारले तर मी म्हणतो, हे दोन पुरावे एकाच टेबलावर ठेवून वाचणे. असे वाचल्यावर हाती काय लागते, ते या लेखात सांगायचे आहे.

छंद की अभ्यास?

माझा विद्यापीठाशी संबंध नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी ग्रंथालयांत बसून मी वाचत आलो. फार वर्षांपूर्वी अशाच एका ग्रंथालयात शेजारी बसलेल्या प्राध्यापकांनी आपुलकीने विचारले, "विषय कोणता घेतलाय?" मी म्हणालो, "क्रिकेट." ते हसले. "अहो, तो छंद झाला. संशोधन कशावर करता?"

त्या प्रश्नात खवचटपणा नव्हता. संतसाहित्य, सत्तावन्नचे बंड, समाजसुधारक हे अभ्यासाचे विषय आणि खेळ, तमाशा, सिनेमा या फावल्या वेळातल्या गोष्टी, ही वाटणी आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की ती कुणी ठरवली हे विचारण्याचेही सुचत नाही. या वाटणीमागे एक समजूत आहे. माणूस भाषण करतो, अर्ज लिहितो, कायदा करतो तेव्हा तो खरा असतो आणि खेळतो तेव्हा नुसता वेळ घालवतो. मला तसे वाटत नाही. भाषण करताना आणि आत्मचरित्र लिहिताना माणूस सावध असतो. खेळाच्या मैदानावर, तमाशाच्या कनातीत किंवा सिनेमाच्या अंधारात तो तितका सावध नसतो. त्यामुळे ज्याला समाज वाचायचा आहे त्याला तिथे कधी कधी अधिक स्पष्ट अक्षर सापडते.

हे ओळखणारे अभ्यासक बाहेर पूर्वीच होऊन गेले. डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ मध्ये 'होमो लुडेन्स' या ग्रंथात संस्कृतीच्या मुळाशी खेळ असतो, असे मांडले. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९७२ मध्ये बाली बेटावरच्या कोंबड्यांच्या झुंजींवर निबंध लिहिला. झुंजीवर लागणाऱ्या पैजांमध्ये पैशांपेक्षा घराण्यांची आणि गावांची प्रतिष्ठा कशी पणाला लागते, हे त्यांनी त्यात उलगडून दाखवले.

पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो सी. एल. आर. जेम्स. १९०१ मध्ये त्रिनिदादमध्ये जन्मलेला हा मार्क्सवादी विचारवंत. हैतीतल्या गुलामांच्या क्रांतीवरचा 'द ब्लॅक जॅकोबिन्स' हा त्याचा ग्रंथ १९३८ चा. त्याच माणसाने १९६३ मध्ये 'बियाँड अ बाउंडरी' हे क्रिकेटवरचे पुस्तक लिहिले. त्याच्या तरुणपणी त्रिनिदादमधले क्लब कातडीच्या रंगाप्रमाणे ठरलेले होते. क्वीन्स पार्क गोऱ्यांचा आणि धनिकांचा, मेपल उजळ वर्णाच्या मध्यमवर्गाचा, शॅनन काळ्या कनिष्ठ मध्यमवर्गाचा. जेम्स स्वतः काळा, तरी त्याने मेपल निवडला. त्या निवडीने आपली राजकीय समज कित्येक वर्षे मागे राहिली, अशी कबुली त्याने पुस्तकात दिली आहे. क्लब निवडणे या साध्या गोष्टीत माणसाचे सगळे समाजशास्त्र कसे उतरते, हे मी तिथे शिकलो.

धावफलक कसा वाचायचा

कागदपत्र वाचण्याची सवय असलेल्यांनाही धावफलक म्हणजे नुसते आकडे वाटतात. एक उदाहरण देतो. इंग्लंडमध्ये पूर्वी खेळाडूंचे दोन वर्ग होते. पैसे न घेता खेळणारे 'जंटलमेन' आणि पैसे घेऊन खेळणारे 'प्लेअर्स'. छापील धावफलकात जंटलमनच्या नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी येत, व्यावसायिकाची आडनावानंतर. १९५० च्या सुमारास लॉर्ड्सवर तरुण फ्रेड टिटमसचे नाव चुकून जंटलमनच्या पद्धतीने छापले गेले, तर ध्वनिक्षेपकावरून ती चूक जाहीरपणे दुरुस्त करण्यात आली. दोन अक्षरे नावाच्या पुढची मागे गेली, एवढेच. पण त्या दोन अक्षरांत इंग्लंडची वर्गव्यवस्था होती. ही वर्गवारी १९६२ च्या अखेरीस रद्द झाली.

धावफलकाचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. तो मोजतो आणि चारचौघांत मोजतो. कचेरीत एखाद्याची बढती अडवायची असेल तर 'लायकी नाही' असे म्हणता येते. लायकी मोजायची पट्टी अडवणाऱ्याच्याच हातात असते. क्रिकेटमध्ये ती पट्टी सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. किती बळी घेतले, किती धावा केल्या हे हजारो प्रेक्षकांनी पाहिलेले असते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. त्यामुळे एखाद्याला डावलले तर ते लपवता येत नाही. खेळ समतेचा नियम उघडपणे बोलून दाखवतो, म्हणून तो मोडला की मोडल्याची नोंदही राहते. अभ्यासकाला असा पुरावा इतरत्र सहसा मिळत नाही.

पालवणकर बंधू

बाळूंचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. वडील लष्कराच्या नोकरीत. पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात बाळूंना महिना तीन रुपयांवर काम मिळाले. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, अधूनमधून सभासदांना चेंडू टाकायचे. पुढे ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यावर महिना चार रुपयांवर गेले. जाळी बांधायची, खेळपट्टी तयार करायची आणि गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची. त्यांतले जे. जी. ग्रेग हे नावाजलेले फलंदाज. त्यांना बाळूंनी तासन्‌तास चेंडू टाकले.

इथे एक तपशील लक्षात ठेवावा असा आहे. इतकी वर्षे गोलंदाजी करून घेतली, पण त्या जिमखान्यावर बाळूंच्या हाती सरावासाठी बॅट कधी दिली गेली नाही. फलंदाजी हे मालकाचे सुख आणि गोलंदाजी ही नोकराची मेहनत, अशी कामाची विभागणी होती. बाळूंची फिरकी या मेहनतीतून घडली. तिला कुणी दैवी देणगी म्हटले की मला चार रुपयांची ती नोकरी आठवते.

पुढे बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरी करू लागले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना हरवले, तेव्हा बाळू आणि त्यांचे धाकटे बंधू शिवराम दोघेही संघात होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

आता प्रश्न कप्तानपदाचा. बळी मोजता येतात, नेतृत्व मोजता येत नाही. म्हणून जातीला जागा उरली ती तिथे. बाळूंच्या धाकट्या भावांपैकी विठ्ठल हे उत्तम फलंदाज. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत कप्तान निवडताना ज्येष्ठता आणि कामगिरी दोन्ही बाजूला सारून पालवणकरांना डावलले गेले. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि त्याचे कारण जाहीरपणे सांगितले. वर्तमानपत्रांतून वाद झाला. बाळूंना त्या वर्षी उपकप्तान करण्यात आले. कप्तानपदी त्यांची नेमणूक कधीच झाली नाही. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली.

वेस्ट इंडीजमध्ये हेच भांडण पुढे झाले. तिथेही काळ्या खेळाडूंनी धावा कराव्यात, बळी घ्यावेत आणि कप्तान गोरा असावा, अशी रीत होती. जेम्स १९६० मध्ये 'द नेशन' या पत्राचा संपादक होता. फ्रँक वॉरेलला कप्तान करा, अशी मोहीम त्याने चालवली आणि १९६०-६१ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी वॉरेल कप्तान झाला. मुंबईत विठ्ठल पालवणकरांसाठी झालेला झगडा याच्या जवळजवळ चार दशके आधीचा. जेम्सचे पुस्तक जगभर वाचले जाते. आपला झगडा किती मराठी वाचकांना माहीत आहे?

माझी चूक

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी ग्रंथालयात मी पालवणकर बंधूंवर व्याख्यान दिले. शेवट करताना म्हणालो, मैदानावर जात उरत नाही, उरते ती गुणवत्ता. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून एक वयस्क गृहस्थ उठले. "सर, एकच विचारतो. मैदान कुणाचं होतं?"

मला नीट उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाने माझे निम्मे लिखाण मला पुन्हा करावे लागले.

मैदान कुणाचे, या प्रश्नाला कागदोपत्री उत्तरे आहेत. १८८० च्या दशकात मुंबईच्या मैदानावर हिंदी मुले क्रिकेट खेळत त्याच जागी युरोपियन पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडत. पारशी आणि हिंदू क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये या झगड्यावर पुस्तकच लिहिले. पुढे सरकारने समुद्रकाठी जागा दिल्या त्या धर्मवार. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. स्पर्धाही तशीच वाढत गेली. आधी युरोपियन विरुद्ध पारशी, १९०७ मध्ये हिंदू आले, १९१२ मध्ये मुसलमान, १९३७ मध्ये उरलेल्यांचा 'द रेस्ट' संघ.

हे ध्यानात घेतले की बाळूंना संघात का घेतले, याचे दुसरे उत्तर मिळते. संघ धर्माच्या नावावर होता आणि समोर युरोपियन व पारशी होते. त्यांना हरवायला बाळूंची बोटे हवी होती. 'हिंदू' या शब्दाचा परीघ तेवढ्यापुरता रुंदावला. जो खेळ एका रेषेला ओलांडू देत होता, तोच हिंदू-मुसलमानांमधली दुसरी रेषा दरवर्षी नव्याने आखत होता. महात्मा गांधींनी १९४० मध्ये धर्मवार संघांच्या या पद्धतीला जाहीर विरोध केला. मैदानावर जात उरत नाही हे माझे वाक्य अर्धेच खरे होते. चेंडू हातात असेपर्यंत ती बाजूला ठेवली जात होती, चहाच्या वेळी परत येत होती आणि कप्तान निवडताना बैठकीला बसत होती.

याचा धागा थेट राजकारणात जातो. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना उमेदवारी दिली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात. डॉ. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. बाबासाहेबांच्या समोर उभे राहून इतकी मते घेणारा हा उमेदवार कोण होता, हे क्रिकेट वगळून सांगताच येत नाही. राजकीय इतिहासात बाळू ही एका वाक्याची नोंद असते. क्रिकेट जोडले की त्या वाक्यामागे चाळीस वर्षे दिसू लागतात.

कचऱ्याचा हात

'लगान' हा सिनेमा २००१ सालचा. त्यात गावच्या संघात कचरा नावाचा अस्पृश्य तरुण फिरकी गोलंदाज होतो. गावकरी आधी नाराज, मग नायकाच्या बोलण्याने त्यांचे मन पालटते. कचऱ्याला घेतले तेव्हा चित्रपटगृहात झालेला टाळ्यांचा कडकडाट मी ऐकला आहे, टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

आता बाळूंच्या हकिगतीशेजारी तो प्रसंग ठेवा. कचऱ्याचा चेंडू वळतो कारण त्याचा हात अधू आहे. म्हणजे कौशल्य अपघाताने आलेले. त्याला सराव नाही, अभ्यास नाही, क्रिकेट कशाशी खातात हेही ठाऊक नाही. नायक त्याची बाजू मांडतो आणि तो जवळजवळ गप्प असतो. बाळूंची फिरकी वर्षानुवर्षांच्या कामातून आली होती आणि हक्क डावलला गेला तेव्हा त्यांचे भाऊ स्वतः बोलले होते, छापील शब्दांत. १९२० मध्ये जे घडले ते २००१ च्या पडद्याला झेपले नाही, असे म्हणायला जागा आहे. सिनेमा वाईट आहे असे मला म्हणायचे नाही. लोकांना अतिशय आवडलेल्या गोष्टीत, त्यांना काय मानवले आणि काय मानवले नसते, याची खूण असते. लोकप्रिय कलेचा अभ्यास करायचा तो ही खूण शोधण्यासाठी.

आपल्याच कपाटातले पुस्तक

विठ्ठल पालवणकरांनी आत्मचरित्र लिहिले आहे. मराठीत. 'माझे क्रीडा-जीवन', प्रकाशन १९४८. रामचंद्र गुहा यांनी 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' या २००२ च्या इंग्रजी ग्रंथात पालवणकर बंधूंचा इतिहास मांडला, तेव्हा या मराठी पुस्तकाचा आधार घेतला. आपल्यापैकी अनेकांना, मलाही, विठ्ठलरावांचा पत्ता लागला तो इंग्रजीतून. मराठी दलित आत्मकथनांची चर्चा आपण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून करतो. त्या चर्चेत १९४८ चे हे पुस्तक का येत नाही? मला एकच कारण दिसते. ते क्रीडाविभागात ठेवले गेले.

मराठीत खेळावर लिहिले गेले नाही असे नाही. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड काढले. वि. वि. करमरकरांनी मराठी दैनिकात खेळाला हक्काचे पान मिळवून दिले. आठवणी आणि चरित्रेही पुष्कळ आहेत. उणीव आहे ती हे साहित्य पुरावा म्हणून वाचणाऱ्यांची.

ते कसे वाचावे, याची मी स्वतःपुरती चार प्रश्नांची सवय लावून घेतली आहे. मैदान किंवा रंगमंच कुणाच्या मालकीचा? कष्ट कुणाचे आणि खर्च कुणाचा? निर्णय कोण घेतो? आणि खेळ संपल्यावर खेळणाऱ्याला काय मिळते? खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले, हे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. त्यांना पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. खाशाबा १९८४ मध्ये गेले आणि अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला, हे चौथ्या प्रश्नाचे. पदकाची नोंद एका ओळीची आहे. देशाने खेळाडूला कसे वागवले, ते बाकीच्या ओळींत आहे.

हेच प्रश्न घेऊन कुणी आपल्या गावच्या तालमीकडे जावे, कबड्डी मंडळाच्या जुन्या हिशेबवह्यांकडे जावे, दहीहंडीच्या सातव्या थरावर कोणाची मुले चढतात ते पाहावे, तमाशाच्या फडाचा जमाखर्च कोण लिहीत होते ते विचारावे. विद्यापीठाची परवानगी लागत नाही. मंडळांच्या वह्या मात्र दरवर्षी रद्दीत जात आहेत आणि ज्यांना विचारायचे ती माणसे ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

त्या प्राध्यापकांचा प्रश्न अजून आठवतो. संशोधन कशावर करता? आज भेटले तर सांगेन, एका मातीच्या पेल्यावर. वापरून फेकून देण्यासाठीच तो केलेला होता, म्हणून तो कुठल्याही संग्रहालयात नाही. तो होता हे आपल्याला कळते, कारण ज्याच्या हातात तो दिला गेला त्याने बळी घेतले आणि ते बळी कुणीतरी मोजून ठेवले.